वैशाखात पारखलेला शेजार

मंडळी, तळ्याकाठच्या माझ्या घराचं सागवानी दार, दोन खिडक्या, पाण्यापर्यंतच्या अकरा पायऱ्या, सगळं मी माझ्या हातानं केलंय. कुणाकडं शिकलो न्हाई.

जागा मात्र मी एकट्यानं पारखली न्हाई. वीस वर्षांपूर्वी दोरीनं तळ्याची खोली मोजत होतो, तर शेजारचे रहीमचाचा रंगारी हसले. "अरे मिस्त्री, पाणी क्या मापतो? वैशाखात ये. तळं आटतं तवा माणसं दिसतात."

वैशाखात गेलो. तळ्याचं डबकं झालेलं. घरटी दोन घागरी, पाळीपाळीनं, अन् पहिली घागर बाळंतिणीच्या घरी. एक भांडण न्हाई. मंग जागा घेतली.

आज सकाळी चाचा गाव सोडून गेले. त्यांचा लेक त्यांना कायमचं हैदराबादला घेऊन गेला. गाडीवर रंगाची पातेली मी बांधत होतो. चाचा म्हणाले, "मिस्त्री, गाठ तिरकी पडली." बराबर होतं. मी ती सोडून परत बांधली.

यंदा निजामाचं राज्य गेलं, त्या दंग्याधोप्यात, भरदुपारी, चाचांच्या घरावर दगड पडले. आमच्या गल्लीतलं एकही दार उघडलं न्हाई. माझंही न्हाई. मंडळी, हे कोणत्या वैशाखात दिसलं असतं?

गाडीत बसता बसता चाचा एवढंच म्हणाले, "घर तूच घे. दुसऱ्याला द्यायला मन होत न्हाई."

हजाराचं घर ते मला तीनशे हाली, म्हंजी निजामी रुपयांत देत होते. दगड पडताना माझं दार बंद होतं; मी न्हाई म्हणालो.