शुभांगीचा बायोडाटा

एकोडीच्या भैय्याजींना लग्न जुळवण्याचा भारी शौक. स्वतःच्या बांधीतली धानाची रोवणी मागे पडली तरी चालेल, पण गावात एखादी पोरगी लग्नाची राहिली की त्यांना अन्न गोड लागत नसे. हाती बायोडाटा पडला की त्याचा फोटो काढायचा आणि असतील नसतील तेवढ्या ग्रुपांवर टाकायचा. त्या ग्रुपांत कोण कोण बसलंय, हे बघण्याची अक्कल मात्र त्यांना कधी सुचली नाही.

आज शुभांगीच्या वडिलांनी, वासुदेवरावांनी, त्यांना घरी बोलावलं, खाटेवर बसवलं, चहा दिला. "भैय्याजी, आमच्या शुभांगीले कोणाकोणाचे फोन येऊन राहिले. घाण बोलतात. पत्ता, जन्मतारीख, सारंच माहीत आहे त्याईले. कोठून भेटलं असन जी?"

भैय्याजींनी कप खाली ठेवला. शुभांगीचा बायोडाटा त्यांनीच टाकला होता, तिच्या नंबरासकट. "पाहतो मी," एवढंच म्हणून त्यांनी कप पुन्हा उचलला.

वासुदेवरावांनी आतून धाकट्या पोरीचा, रीनाचा बायोडाटा आणला. "हा तुमच्याच हाती देतो. आता दुसऱ्या कोणावर भरोसा नाही."

भैय्याजींचा हात पुढे होईना. दारात शुभांगी उभी होती. फोन करणाऱ्या एकानं तिला भैय्याजींचं नाव सांगितलं होतं. बापाला तिनं ते कळू दिलं नव्हतं.

"रीनाचा राहू द्या काका," ती हळूच म्हणाली. "पहिले माझा साऱ्या ग्रुपांवरून मिटवून द्या."