अर्ध्या नळीची चूल

हे मी कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही. आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या पेणला ठाऊक! चार माणसं जमली की मी नकला करतो, किस्से सांगतो. हा एक मात्र ओठांपर्यंत येतो आणि मी पटकन दुसराच काढतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रॉकेल रेशनवर, तेही पुरेल तर शपथ. गॅसला नंबर लावून लोक म्हातारे होत होते. तेव्हा सरकारने निर्धूर चुलींची योजना काढली. लाकूड वाचेल, बायकांचे डोळे वाचतील, खर्च बहुतेक अनुदानातून. पेण भागात चुली बसवायचं काम मला मिळालं. काम कसलं — रंगमंचच! पेटत्या चुलीवर पांढरा रुमाल फिरवायचा, मग तो फडकवायचा : कुठंय धूर? बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

हमरापूरच्या नर्मदावहिनी त्यातल्याच एक. घरात गणपती रंगवायचं काम, त्यावरच वर्ष निघायचं. रंगकाम सुरू झालं की त्यांची चूल मागच्या पडवीत जायची, मूर्तींना काजळी लागू नये म्हणून. भर पावसात सासू तिथे झडीत भिजत भाकऱ्या थापायची.

"दादा, या चुलीनं म्हातारीला आत बसवता येल काय?" त्यांनी विचारलं.

"आत? अहो वहिनी, गणपतींच्या मांडीला मांडी लावून बसवा!"

आता — कसं सांगू? धूर बाहेर काढायला प्रत्येक चुलीमागे सिमेंटच्या नळीचे दोन तुकडे यायचे. दुसरा कौलांच्या वर काढायचा. वहिनींचा तो दुसरा तुकडा मी रोह्याला नेला, ताईच्या न्हाणीघरातल्या बंबाला. एसटीत कंडक्टर म्हणाला, "ओ पाव्हणं, तोफेचं तिकीट लागेल!" गाडी हसली. सगळ्यांत मोठ्याने मी. आणि वहिनींना सांगितलं, पावसात कौलं कशाला काढता? धूर जातो आपोआप.

गेला का? कौलांखाली साठला आणि हळूहळू खाली उतरला. ओळीने मांडलेल्या मूर्तींवर करडी काजळी बसली. डोळे आखून झालेल्या मूर्ती! पुसायला जावं तर रंगच सुटायचा.

पाहणीला साहेब आले. मूर्तींच्या दाटीमुळे ते उंबऱ्यातच थांबले. एकदा मान वर केली असती तर अर्ध्यात संपलेली नळी त्यांना दिसली असती. मग मी काय करावं? नक्कल केली! ओली लाकडं चुलीत कोंबणारी, फुंकणी उलटी धरणारी, स्वतःच ठसकणारी बाई. साहेब खो-खो हसले. दारातल्या बायकाही हसल्या.

"चूल उत्तम आहे साहेब," मी म्हणालो, "यांना वापरता येत नाही."

वहिनी काळवंडलेली मूर्ती हातात धरून उभ्या होत्या. एक वाक्य खरं बोलायला काय लागत होतं मला? साहेबांनी मान वर केली नाही. मीही नाही.

त्या वर्षी त्यांच्या मूर्ती पडेल त्या किमतीला गेल्या. पण माझ्या घशाशी अडकलंय ते याहून पुढचं आहे. गणपती आटोपले आणि एके दिवशी नर्मदावहिनी मला शोधत पेणच्या एसटी स्टँडवर आल्या. वाटलं, आता चारचौघांत माझी अब्रू काढणार. खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं — सुटलो एकदाचा!

त्या जवळ आल्या. मान खाली घालून म्हणाल्या, "दादा, लाकडा वलीच व्हती माजी. सायबापुढं तुमचा नाव खराब झाला. मनात ठेवू नका."

ठसका लागला त्यांना. आवरेपर्यंत मी थांबलो. बोलायला एवढा वेळ मला मिळाला होता, तुम्हीच बघा.

मग मी त्यांना चहा पाजला. आणि हात उंचावून, अर्ध्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "जाऊ द्या हो वहिनी! माणसाकडून होते चूक."

त्यांचा चेहरा हलका झाला. मी त्यांना माफ केलं होतं.