पाळण्याच्या कण्याचं एरंडेल

घरात कुणी पोराला एरंडेल पाजायला बसलं, की मी उठून अंगणात जाते. तो वास मला सोसत नाही.

खालापूरच्या जत्रेत लाकडी पाळणा यायचा. त्याच्या कण्याला पाळणेवाला एरंडेल घालायचा, तरी तो करकरायचाच. एका वर्षी माझी धाकटी बहीण चंद्री आयच्या लुगड्यात तोंड खुपसून म्हणाली, "मला नको, बा."

बानं तिचे हात सोडवले आणि तिला एकटीला पाळण्यात बसवलं. "भित्री पोर आपल्या घरात नाय चालायची. लोक हसतात."

दोन गडी पाळणा फिरवू लागले. वर गेली की तिची किंकाळी ऐकू यायची, खाली आली की आमच्याकडे पसरलेले हात दिसायचे. आय म्हणाली, "अवो, उतरवा तिला."

बानं पाळणेवाल्याला सांगितलं, "थांबवू नको रं. भ्या मोडू दे."

मग किंकाळी बंद झाली. चंद्री दांडी धरून नुसती समोर बघत राहिली. तेव्हा मलाही वाटलं, गेलं भ्या. बानं कौतुकानं बत्तासे घेऊन दिले. तिनं एकही खाल्ला नाही. घरी येईस्तोवर मुठीत त्यांचा चिकट लगदा झाला होता.

पुढच्याच वर्षी तिला एका बिजवराला दिली. सासरची गाडी निघाली तेव्हा आम्ही सगळ्या रडत होतो. गाडीच्या कण्याला नुकतंच एरंडेल घातलेलं होतं. चंद्री दांडी धरून समोर बघत होती.

बा शेजाऱ्यांना म्हणाला, "बगा, माजी पोर कशी धीराची हाय."