थोपटबाईंच्या कठड्यावरचं ऊन

थोपटबाईंचं खरं नाव पाळणाघरातल्या आईबापांनाही ठाऊक नव्हतं. रडून लाल झालेलं पोरही त्यांचा हात पाठीवर पडला की बघता बघता झोपायचं, त्यावरून कुणीतरी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. दुसरी ओळख म्हणजे आभार मानायची खोड. बसमधून उतरताना चालकाचे आभार, सुटे दिले म्हणून दुकानदाराचे आभार. एकदा तर बंद पडलेला पंखा आपोआप सुरू झाला, तेव्हा त्यालाच म्हणाल्या, "आभारी आहे रे बाबा." लोक हसायचे. हसू देत. नवरा गेल्यावर दोन भाड्याच्या खोल्यांत परक्यांची लेकरं सांभाळून जिनं संसार ओढला, तिला कुणाकुणाचा हात लागला ते तिलाच माहीत.

त्यांच्या जिवाला घोर एकच, दुपारचं ऊन. लेकरांची खोली भट्टीसारखी तापायची. लेकरं घामानं निथळायची, अंगावर पुरळ उठायचं. कूलर होता, पण दिवसभर चालवला तर विजेचं बिल बघूनच घाम फुटायचा. मागच्या उन्हाळ्यात काही आयांनी लेकरं दुसरीकडे नेली. आणखी एक उन्हाळा असा गेला तर पाळणाघराला कुलूप लागणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

भाच्यानं उपाय सुचवला होता. गॅलरीच्या कठड्याला एक सौर पॅनेल टांगायचं, त्याची पिन भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये खोचायची, की उन्हाची वीज थेट घरात. पण वीज कंपनी त्या एवढ्याशा पॅनेललाही कारखान्यासारखे कागद मागायची, आणि वर घरमालकाची सही. मालक वरच्याच मजल्यावर राहायचे. बाई दोनदा गेल्या, दोनदा हात हलवत परत आल्या. "सही होणार नाही," एवढंच उत्तर. कारण विचारलं की ते आपल्या वेलीला पाणी घालायला वळायचे. वेलीवर त्यांचा भारी जीव. फुलं त्यांना दिसायची आणि पाणी गळायचं ते बाईंच्या वाळत घातलेल्या दुपट्यांवर.

मग कायदा बदलला. विधानसभेनं ठरवलं, की इतक्या लहान पॅनेलला कंपनीची परवानगी नको आणि भाडेकरूला मालकाची सही नको. अट एवढीच, की बाहेरची वीज गेली की पॅनेलनं आपोआप बंद पडलं पाहिजे. भाच्यानं बातमी मोठ्यानं वाचली, तसं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुठली कोण माणसं, पण तिथं बसून माझ्या लेकरांचा विचार केला बघ."

"मावशी, तुझी लेकरं त्यांना ठाऊक पण नाहीत!"

"मग तर दुप्पट आभार मानायला हवेत."

पॅनेल घरी आलं, आणि बाई ते लावायचं सोडून जिना चढायला लागल्या. भाच्यानं कपाळाला हात लावला. "अगं, आता विचारायची गरज नाही!"

"गरज नसू दे. इतकी वर्षं एका छपराखाली राहतोय. त्यांना माझ्या तोंडून कळू दे."

मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि वेलीचं एक पान चुरगळलं. "माझा धाकटा भाऊ लाइनमन होता," ते म्हणाले. "लाइन बंद करून खांबावर चढला. कुणीतरी घरात जनरेटर जोडला होता, त्याची वीज उलटी तारेत आली. तो काही जिवंत उतरला नाही. म्हणून सही दिली नव्हती. तुमच्यावर राग नव्हता."

"खाली चला," बाई म्हणाल्या. "तुमच्या हातानं बघा, मगच ठेवायचं की नाही ते ठरवू."

भाच्यानं पॅनेल टांगलं, पिन खोचली, पॅनेलचा हिरवा दिवा लागला. मालकांनी स्वतः मेन स्विच खाली ओढला. बाहेरची वीज तुटली, तसा भर उन्हातही दिवा विझला. स्विच वर केला. जरा वेळानं दिवा लागला. पुन्हा ओढला. पुन्हा विझला. कूलर थांबून थांबून चालत होता, लेकरं कुरकुरत होती, भाचा वैतागला होता, पण मालकांचा हात थांबेना आणि बाईंनीही त्यांना थांबवलं नाही.

"तेव्हा असं काही असतं तर..." मालक म्हणाले आणि त्यांनी स्विचवरून हात काढला. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लेकराला थोपटावं तसं हळूहळू थोपटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेगळीच पंचाईत. वेल वरून लोंबत होती आणि तिची सावली अर्ध्या पॅनेलवर पडत होती. ह्यावर कायद्यात काही नव्हतं.

"सांग की त्यांना," भाचा म्हणाला.

"अजिबात नाही. आता त्या माणसाकडे आणखी काही मागायचं नाही. वेलीवर जीव आहे त्यांचा."

तेवढ्यात वर कात्री वाजली. फुलांनी लगडलेली एक फांदी कठड्यावरून खाली गेली, मग दुसरी, मग तिसरी. पॅनेलवर लख्ख ऊन पडलं. बाई लगबगीनं गॅलरीत आल्या, मान वर केली, आभार मानायला तोंड उघडलं. पण मालकच आधी बोलले.

"विचारायला आलात. आभारी आहे."

जन्मभर सगळ्यांचे आभार मानले, पण कुणी आपले मानले तर काय बोलायचं असतं, ते बाईंना ठाऊकच नव्हतं.