पाच टिचक्या

नारायण पेठेतल्या त्या ऑफिसात आम्ही चौघीजणी टॅग टाइप करायचो. म्हणजे कारखान्यांची माहितीपुस्तकं आली, की हाताने खुणा घालून त्यांची वेबपानं बनवायची. आधीची नऊ वर्षं मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, त्यामुळे हात चालायचे. पण पलीकडे काचेच्या खोलीत प्रोग्रामर बसायचे आणि मला तिथे बसायचं होतं. सरळ सांगते, हेवा वाटायचा.

बुधवार पेठेतून पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेचं एक जुनं पुस्तक आणून मी घरी वाचत होते. साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, छंद चांगला आहे. विणकामाला पर्याय."

मग एका कारखान्याची शेकडो पुस्तकं एकदम आली, सगळी साध्या मजकुराच्या फायलींमध्ये. काचेच्या खोलीतल्या एका इंजिनिअरने पर्लमध्ये प्रोग्राम लिहिला. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी दिसली की तो ठळक, ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ दिसली की यादी, सुरुवातीला चार मोकळ्या जागा दिसल्या की ती ओळ कोड समजून करड्या चौकटीत. साहेबांनी आम्हा चौघींना सांगून टाकलं, की हा चालला तर महिनाअखेरीला टॅगवाल्यांचं काम संपलं.

चालवला, तर प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ चौकटीत जाऊन बसली. मथळेही चौकटीत. इंजिनिअर म्हणाला, "डेटाच चुकीचा आहे. सगळं परत टाइप करून मागवा."

मी पडद्याकडे पाहिलं आणि मला हसू फुटलं. हे कुणा जुन्या टायपिस्टचं काम होतं. कॉम्प्युटरवर बसला तरी त्याची बोटं मशीनवरचीच राहिली होती. परिच्छेद सुरू करताना स्पेसबारच्या पाच टिचक्या. मथळा असेल तर ओळीच्या मध्यावर जायचं, दर दोन अक्षरांना एक घर मागे यायचं आणि तिथून टाइप करायचं. खाली रेघांची ओळ. हे मी शेकडो मुलींना शिकवलं होतं, चुकलं तर कागद परत घालायला लावला होता.

"डेटा बरोबर आहे," मी म्हणाले. "तुम्हाला वाचता येत नाही. मला चार दिवस द्या."

साहेब म्हणाले, "द्या यांना. नाहीतरी काम संपतंच आहे."

पाच जागा म्हणजे नवा परिच्छेद, पाचाहून जास्त आणि खाली रेघा म्हणजे मथळा, असे नियम मी लिहिले. पहिल्याच दिवशी प्रोग्रामने सुट्या भागांचा अख्खा तक्ता एका परिच्छेदात कोंबला. इंजिनिअर काचेमागून बघत होता, त्यामुळे मी अजिबात चेहरा पाडला नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की तक्त्यात टायपिस्ट टॅब लावतो, म्हणून शब्दांच्या मध्ये मोठ्या फटी पडतात. ती फट दिसली की तक्ता धरायचा, एवढी एक ओळ वाढवली. चौथ्या दिवशी सगळ्या फायली चालवल्या. कुठेही करडी चौकट नाही, मथळे ऐन मधोमध, तक्ते सरळ रेषेत. मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि बाकीच्या तिघींना ओरडूनच बोलावलं.

कारखान्याचे अधिकारी पानं बघायला आले, तेव्हा साहेब त्यांना घेऊन माझ्या टेबलापाशी थांबले. "हे आमच्या प्रोग्रामर बाईंनी केलंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "या तिघींनाही शिकवा. पुढच्या फायली तुम्हीच चौघी करा."

"शिकवते. पण काचेच्या आत बसून," मी म्हणाले.

इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे मी त्याच संध्याकाळी कोथरूडला पोचल्या पोचल्या नवऱ्याला सांगून टाकलं.