'थांब' म्हटलं की थांबायचं

माझ्या सेक्शनमध्ये बर्फावर एकच नियम होता. कोणीही 'थांब' म्हटलं की सगळ्यांनी जागेवर थांबायचं. काऊन, ते विचारायचं नाही. नियम मीच केला होता. मी फौजेत हवालदार. आम्ही आठ जण एकाच दोरात बांधलेले. सगळ्यात पुढच्याच्या हातात लोखंडी सळई. बर्फाखाली भेग नाही ना, ते तो टोचून पाही, मगच पाय टाकी.

पुढे नेहमी लान्स नायक प्रशांत, आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा. त्याच्यामागे मी, वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघ्याचा. आमचं आपसात वऱ्हाडीच चाले.

त्या दिवशी सकाळी आठला निघालो. हवा बिघडायच्या आत, दोनपर्यंत, पुढची पोस्ट गाठायची होती. दोन तासांत प्रशांतने दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा खाली बर्फ टणकच निघाला. मला घाई. माझी जीभ वळवळली.

"काऊन रे, बायकोची आठवण येऊन राह्यली काय?"

सगळे हसले. तोही हसला.

दहा चाळीसला तो पुन्हा थबकला. सळई टोचली, वळून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं होतं त्यानं. मी हातानेच खुणावलं, चाल. तो काही बोलला नाही. पाय टाकला, अन् बर्फासकट खाली गेला.

दोर ताणला. आम्ही धरला. वायरलेस सेटवर कळवलं, "कॅज्युअल्टी एक. ओव्हर." वीस मिनिटांत त्याला वर काढला. डोकं भेगेच्या कडेवर आपटलं होतं. श्वास नव्हता. दोराने आपलं काम केलं होतं. मी केलं नव्हतं.

रिटायर झाल्यापासून दरवर्षी त्या तारखेला रोहण्याला जातो. त्याचे वडील, काकाजी, वांगी आणि मेथी लावतात. आमचा नियम प्रशांतनं फोनवर घरी सांगितला होता. पहिल्याच वर्षी काकाजींनी विचारलं, "त्यानं थांब म्हटलं नाई काय?"

"नाई," मी म्हटलं. खोटं नव्हतं. पण त्या 'नाई'नं माझी झोप खाल्ली. अजूनही डोळा लागला की त्याचं ते उघडं तोंड दिसतं.

यंदा सगळं सांगून टाकलं. थट्टा केली तेही, हात केला तेही. काकाजी वांग्याच्या वाफ्यात बसून ऐकत होते. मग म्हणाले, "घरीबी असाच होता तो. त्याले हासलं का गप होये."

अन् वाफ्यातलं तण काढू लागले. मी उठलो, चपला घातल्या, फाटकाकडे निघालो. मागून त्यांचा आवाज आला.

"थांब."

मी थांबलो. काऊन, ते विचारलं नाही.