लसणाच्या जमिनीवरचा मुकाबला

माझ्या साडूने नानाखेड्याला ट्रॅक्टरचं दुकान टाकलं आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून मलाच धरलं. पेट्रोलवर चालणारा छोटा ट्रॅक्टर त्याला माझ्या गळ्यात मारायचा होता. बदल्यात माझा जुना डिझेलचा हवा होता. तो मी लोकांची शेतं नांगरून, कोणापुढे हात न पसरता घेतलेला. तो गेला की माझं भाड्याचं कामही गेलं.

"भाईसाहब, पेट्रोल काही जास्त लागत नाही. उलट कमीच," साडू म्हणाला.

"घरचा माणूस इतकं गोड बोलायला लागला की मी आधी खिसा चाचपतो."

शेवटी माझ्याच शेतावर मुकाबला ठरला. दोन्ही टाक्या काठोकाठ भरायच्या, शेत अर्धं-अर्धं नांगरायचं, मग मापाने पुन्हा काठोकाठ भरायच्या. जिच्यात जास्त ओतावं लागेल ती हरली. साडूने मला न विचारताच आपला ट्रॅक्टर विहिरीकडच्या अर्ध्यात घातला. तिथेच मला खटकलं.

त्याच्या टाकीत कमी गेलं. त्याने लगेच पिशवीतून पेढे काढले. जिंकायच्या आधीच पेढे आणणारा माणूस! मी त्याच्या बाजूचा बांध पाहत गेलो. लसणाच्या वाळक्या पाती दिसल्या आणि डोक्यात प्रकाश पडला. इथला लसूण मी नुकताच खणून काढलेला, म्हणजे त्याच्या वाट्याची जमीन आधीच भुसभुशीत. माझ्या वाट्याला गव्हाची धसकटं आणि दगडासारखी काळी माती.

"पलीकडचं सगळं शेत गव्हाचं आहे," मी म्हणालो. "चला, तिथे पुन्हा."

"ऊन फार झालंय."

"ट्रॅक्टरला टोपी घालू?"

"तुम्ही तर महाकालवरही शक कराल!"

"त्यांनी मला अजून काही विकलेलं नाही!" मी असा ओरडलो की शेजारच्या शेतातले लोक उठून उभे राहिले.

नाइलाजाने तो आला. कडक मातीत त्याचा ट्रॅक्टर धापा टाकू लागला. भरायच्या वेळी पेट्रोलचा कॅन रिकामा झाला, तरी त्याची टाकी भरेना. माझ्या टाकीत त्याच्या निम्मंही गेलं नाही. साडूने आपलं यंत्र पिकअपवर चढवलं. पेढेही परत नेले.

आता तो नातेवाइकांत सांगतो, मी घरच्या माणसाचा अपमान केला. त्याची बायको, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, हिचा फोन उचलत नाही.

"तुम्हीच नमतं घ्या ना," बायको म्हणते. "तिथे लसूण होता हे त्यांना कुठून माहीत असणार?"

लसूण खणला त्या दिवशी बांधावर बसून चहा पीत होता तो. जाताना गोणीभर घेऊनही गेला.